चषकाचे पोस्टर आणि धावांची वही

क्रीडा-विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत असे सांगितलेले असते की, एखादा खेळ, संघ, स्पर्धा किंवा खेळाडू यांच्याकडे लोकांचे लक्ष वळवणे आणि त्या लक्षाचे तिकिटात, वर्गणीत, जाहिरातीत किंवा निदान टी-शर्टाच्या विक्रीत रूपांतर करणे, याला विपणन म्हणावे. ही व्याख्या लंडनला किंवा मेलबर्नला लागू पडत असेल. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात मात्र ती उलटीकडून वाचावी लागते, कारण येथे प्रसिद्धीच्या जोरावर खेळ विकला जात नाही, तर खेळाच्या जोरावर प्रसिद्धी पदरात पाडून घेतली जाते, आणि या व्यवहारात बॅट, चेंडू व अकरा खेळाडू यांचे स्थान लग्नातल्या बँडवाल्यांसारखे, म्हणजे त्यांच्यावाचून वरात निघत नाही पण पंगतीला त्यांची आठवण कोणी काढत नाही, असे असते.

या शास्त्राचा स्थानिक इतिहास दोन कालखंडांत विभागता येतो. पहिला कालखंड फ्लेक्सचा; त्यात स्टेशनरोड, रिक्षास्टँड आणि विजेचे खांब ही प्रसारमाध्यमे होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरचा डेटा कवडीमोलाने मिळू लागला आणि दुसरा कालखंड उजाडला. पुढे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि महिन्याभरातच इन्स्टाग्रामने रील्स नावाची आखूड चित्रफितींची सोय भारतात आणली, त्यामुळे स्थानिक आयोजकांची होणारी गैरसोय अल्पकाळातच टळली. या सगळ्यात फ्लेक्स नाहीसा होईल, अशी जी भाबडी आशा पर्यावरणप्रेमी मंडळींना वाटत होती ती फलद्रूप झाली नाही. फ्लेक्स खांबावर राहिलाच, शिवाय तोच फ्लेक्स आता प्रत्येकाच्या खिशातही शिरला. खांबावरचा अनधिकृत फलक महापालिकेच्या पथकाला निदान उतरवता तरी येतो. व्हॉट्सअॅपवरचे स्टेटस, म्हणजे चोवीस तास दिसून आपोआप पुसले जाणारे चित्र, उतरवण्याचा अधिकार कोणत्याही प्रभाग समितीला नाही, आणि ते चोवीस तासांनी पुसले गेले तरी पंचविसाव्या तासाला पुन्हा लावलेले असते.

या प्रदेशातील क्रीडा-विपणनाचे मूलद्रव्य म्हणजे स्पर्धेचे डिजिटल पोस्टर होय, आणि त्याची शरीररचना अभ्यासकाने एकदा तरी बारकाईने पाहिली पाहिजे. सर्वांत वर एका ओळीत पाच ते सात गोल चौकटी असतात, त्यांतील चेहऱ्यांचा आकार पक्षातील ज्येष्ठतेनुसार कमीजास्त केलेला असतो, आणि ही ज्येष्ठता पोस्टर बनवणाऱ्या मुलाला चुकून कळली नाही तर पोस्टर रात्री अकरा वाजता मागे घेऊन बारा वाजता पुन्हा प्रसृत केले जाते. त्याखाली डाव्या बाजूस निमंत्रकांची पूर्णाकृती असते. अंगात पांढरा शर्ट, एक हात घड्याळाकडे, दुसऱ्या हातात फोन, आणि पाऊल पुढे टाकलेले, जणू स्पर्धा आटोपून ते आताच दुसऱ्या स्पर्धेकडे निघाले आहेत. मध्यभागी सोनेरी, उठावदार अक्षरांत चषकाचे नाव असते आणि त्यात आमदार, खासदार, महापौर किंवा दादा, भाऊ, शेठ यांपैकी एक शब्द बहुधा असतो. त्याखाली ‘भव्य दिव्य ओपन टेनिस क्रिकेट स्पर्धा’ ही ओळ येते. ‘भव्य’ या विशेषणाने भागत नाही असे या क्षेत्राचे मत दिसते. उजव्या कोपऱ्यात एक फलंदाज षटकार मारत असतो, परंतु तो कल्याणचा किंवा कळव्याचा नसतो. इंटरनेटवरून उचललेला तो कोणी डावखुरा परदेशी असतो, आणि त्याच्या अंगावरच्या परदेशी गणवेशावर घाईघाईत भगवा किंवा निळा रंग चढवलेला असतो. पारितोषिकांच्या रकमा ठळक, मालिकावीराला मिळणारी दुचाकी त्याहून ठळक, आणि स्पर्धा कोणत्या मैदानावर आहे हे मात्र तळाशी, प्रायोजकांच्या चिन्हांच्या खाली, इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते की चित्र दोन बोटांनी ताणून मोठे केले तरी अक्षरे तेवढी फाटतात.

येथे ‘एंगेजमेंट’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. पोस्ट पाहणाऱ्याने केवळ पाहून पुढे न जाता पसंती, प्रतिक्रिया किंवा पुढे पाठवणे यांपैकी काही कृती केली, तर तिला एंगेजमेंट म्हणतात, आणि ती जितकी अधिक तितकी ती पोस्ट आणखी लोकांना दाखवावी, असे समाजमाध्यमाचे अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारे गणित, ठरवून टाकते. आता ज्या पोस्टरवर मैदानाचे नाव वाचता येत नाही त्याच्याखाली ‘मॅच कुठे आहेत भावा’ असा प्रश्न वीसपंचवीस जण विचारतात, प्रत्येकाला ‘इनबॉक्समध्ये या’ असे उत्तर मिळते, आणि प्रश्नोत्तरांची ही ओळ पाहून त्या गणिताची अशी समजूत होते की या स्पर्धेबद्दल परगण्यात प्रचंड कुतूहल आहे. परदेशी विद्यापीठांतून शिकवले जाणारे विपणनाचे डावपेच ज्या यशापर्यंत मोठ्या खर्चाने पोहोचतात, तेथे आपला आयोजक अक्षराचा आकार चुकल्यामुळे विनासायास पोहोचतो.

पोस्टर तयार झाले की ते वाहून नेण्याचे काम व्हॉट्सअॅपच्या गटांकडे येते. एका गटात पूर्वी २५६ सभासद मावत, २०२२ मध्ये ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली, आणि ही वाढ जणू कल्याण तालुक्यातील टेनिस क्रिकेटची निकड ओळखूनच झाली असावी. ‘रीच’ म्हणजे संदेश किती डोळ्यांपर्यंत पोहोचला याचे माप. आयोजकांच्या हिशेबात ते असे काढतात की दहा गट गुणिले हजार सभासद म्हणजे दहा हजार प्रेक्षक. या गुणाकारात तेच सहाशे लोक दहाही गटांत असतात, हा तपशील गृहीत धरलेला नसतो. शिवाय सहाशेंपैकी अर्ध्यांनी गट ‘म्यूट’ केलेला, म्हणजे त्याचा आवाज कायमचा बंद केलेला असतो, आणि उरलेल्यांना ते पोस्टर सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीहून सुटलेल्या जलद लोकलमध्ये, एक हात वरच्या कडीला व दुसरा पुढच्याच्या पाठीला टेकलेला असताना दिसते, तेव्हा अंगठा हलवून पोस्टर पुढे सरकवावे की पसंती द्यावी, हा निर्णय डब्यातील धक्का घेतो. या पट्ट्यातील पुष्कळशा एंगेजमेंटचे श्रेय मध्य रेल्वेला द्यावे लागेल.

प्रत्यक्ष सामन्यांचे ‘लाईव्ह’, म्हणजे यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण, ही या उद्योगाची खरी शान होय आणि तिची थट्टा करताना थोडे जपून करावी लागते, कारण तिच्यात खरोखर कसब आहे. मैदानाच्या कडेला लोखंडी नळ्यांचा मनोरा उभारून त्यावर कॅमेरा चढवलेला असतो; खाली ताडपत्रीच्या सावलीत लॅपटॉप, जनरेटर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असतात, कारण एकीचे नेटवर्क गेले की दुसरीचे यावे अशी योजना असते आणि दोघींचे एकदम जाते. पडद्याच्या तळाशी धावफलकाची पट्टी, वरच्या कोपऱ्यात आळीपाळीने फिरणारी प्रायोजकांची चिन्हे: बिल्डर, सराफ, पनीरवाला, रेती-विटा-खडीचा पुरवठादार. या प्रायोजकवर्गाला हसणे सोपे असले तरी त्याची टिकाऊ वृत्ती लक्षात घेण्याजोगी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा आला तेव्हा प्रत्यक्ष भारतीय संघाच्या छातीवरून ड्रीम इलेव्हनचे नाव रातोरात उतरले आणि संघाला काही काळ कोऱ्या छातीने खेळावे लागले. खडीच्या पुरवठादारावर असा प्रसंग येत नाही.

यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळण्यासाठी वाहिनीला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते, त्यामुळे समालोचक धावसंख्येपेक्षा ‘चॅनलला सबस्क्राइब करा’ हे वाक्य अधिक वेळा उच्चारतो. समालोचकाची कामगिरी तिहेरी असते. त्याला खेळाचे वर्णन करायचे असते, मध्येमध्ये शायरी पेरायची असते आणि मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे नाव पदासह घ्यायचे असते. या तिन्हींत अग्रक्रम तिसऱ्याचा असल्याने निर्णायक षटकात त्रिफळा उडत असताना प्रेक्षकांना ऐकू येते ते ‘आपल्या सर्वांचे लाडके, कार्यसम्राट, यांचे मैदानावर आगमन झालेले आहे’ हे वाक्य, आणि दुबईत नोकरीला असलेला एखादा भाऊ बाद कोण झाला ते शोधण्यासाठी चित्रफीत मागे नेतो तेव्हा त्याला कार्यसम्राट पुन्हा एकदा आलेले दिसतात. पाहुणे आले की खेळ थांबतो, शाल व श्रीफळ होते, दोन्ही संघांशी हस्तांदोलन होते, आणि फलंदाजीला उतरलेले पाहुणे पहिला चेंडू हुकवतात, दुसरा हुकवतात, तिसरा बॅटला लागतो. या तिसऱ्या चेंडूचे रील त्याच संध्याकाळी निघते. दिवसभरात तेथे जे दोनशे षटकार मारले गेले त्यांचे निघतेच असे नाही.

घोडबंदर रस्ता, कोलशेत, खडकपाडा, पलावा येथील गृहसंकुलांमध्ये याच विद्येची दुसरी, अधिक सुशिक्षित शाखा वाढली आहे, तिला ‘प्रीमियर लीग’ म्हणतात. तेथे राजकीय गोल चौकटी नसतात. त्यांच्या जागी कार्यकारिणी असते. लीगचे विपणन दोन महिने आधी ‘टीझर’ने, म्हणजे काहीही न सांगता काहीतरी होणार आहे एवढेच सांगणाऱ्या चित्रफितीने सुरू होते, मग संघांच्या चिन्हांचे अनावरण, मग जर्सीचे अनावरण, मग लीगगीताचे अनावरण, आणि या सर्वांवर कळस म्हणजे क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावून होणारा खेळाडूंचा लिलाव. बँकेत शाखाधिकारी असलेले गृहस्थ येथे आभासी गुणांत विक्रीला काढले जातात, त्यांचे छायाचित्र व ‘उजव्या हाताने मध्यमगती’ असे वर्णन पडद्यावर झळकते, बोली कोणीच लावत नाही, हातोडी तीनदा आपटते, आणि सकाळी ज्यांनी कर्जाची प्रकरणे नाकारली ते रात्री ‘अनसोल्ड’ होऊन उद्वाहनाने घरी जातात. इतके सारे झाल्यावर प्रत्यक्ष सामने मात्र सहासहा षटकांचे, दोन रविवारांत उरकलेले असतात, कारण टर्फ, म्हणजे जाळीने वेढलेले कृत्रिम हिरवळीचे मैदान, तासाच्या भाड्याने मिळते आणि पुढच्या तासाचे गिऱ्हाईक जाळीबाहेर बूट बांधून उभे असते.

हेच सर्व मोठ्या पैशांत कसे दिसते याचा नमुना ठाणेकरांना घरबसल्या पाहायला मिळाला. टेनिस चेंडूवर खेळल्या जाणाऱ्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ६ ते १५ मार्च २०२४ या काळात ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात झाला आणि दुसरा हंगामही २०२५ च्या आरंभी तेथेच झाला. अमिताभ बच्चन, अक्षय कुमार, हृतिक रोशन, सूर्या, रामचरण आणि सैफ-करीना असे सहा संघांचे मालक. गल्लीतल्या मुलांना मोठे व्यासपीठ मिळावे हा उद्देश. नाणेफेकीऐवजी गल्लीतली टिप-टॉप आणि ठरावीक पट्ट्यापलीकडे मारलेल्या फटक्याला चक्क नऊ धावा. उद्देश चांगला होता, त्यातून गावोगावच्या टेनिस क्रिकेटपटूंना नाव आणि पैसाही मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु उद्घाटनाच्या दिवशी झालेल्या प्रदर्शनीय सामन्यात सचिन तेंडुलकर यांना विनोदवीर मुनव्वर फारुकी याने बाद केले आणि ती चित्रफीत देशभर फिरली. गल्लीतला गोलंदाज जगापुढे आणण्यासाठी भरवलेल्या स्पर्धेतून पहिल्या रात्री जगापुढे आलेला गोलंदाज हा असा होता. तिसरा चेंडू बॅटला लागलेल्या पाहुण्यांची आठवण येथे ज्यांना होईल त्यांनी ती दाबू नये.

पैशाच्या बाजूने पाहता या सर्वांच्या मागे एक मोठा आकडा उभा आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले, तर डिजिटल हक्कांच्या दोन भागांची बेरीज २३,७५८ कोटी झाली. म्हणजे भिंतीवरच्या पडद्यापेक्षा हातातला पडदा महाग ठरला. हा आकडा वाचल्यानंतर डोंबिवलीतील प्रत्येक क्रिकेट शिबिराने इन्स्टाग्रामवर खाते उघडले असल्यास त्यात नवल नाही. अशा खात्यांवर एक छायाचित्र हमखास असते ते अजिंक्य रहाणे यांचे, कारण ते डोंबिवलीत वाढले, येथल्याच मॅटिंगच्या खेळपट्टीवर प्रारंभीचे धडे गिरवून पुढे भारताचे कसोटी कर्णधारपद भूषवण्यापर्यंत गेले. त्यांच्या लहानपणी डोंबिवलीत जितकी शिबिरे असतील त्यांहून अधिक शिबिरांच्या पोस्टरवर आज ते आहेत, आणि ज्या संयमी बचावासाठी त्यांची ख्याती आहे त्याच्या छायाचित्राखाली ‘तीन महिन्यांत षटकार मारायला शिका’ अशी हमी असते.

कल्याणच्या तुषार देशपांडे यांनी मात्र या माध्यमाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या. आयपीएलमध्ये ‘इम्पॅक्ट प्लेअर’, म्हणजे सामना चालू असताना बदली उतरून पूर्ण भाग घेऊ शकणारा खेळाडू, हा नियम २०२३ मध्ये आला आणि ३१ मार्च रोजी त्या नियमान्वये मैदानात उतरलेला पहिला खेळाडू ते ठरले. त्या दिवशी त्यांच्या गोलंदाजीवर बऱ्याच धावा निघाल्या, आणि ज्यांनी आयुष्यात टाकलेला शेवटचा चेंडू शेजाऱ्याच्या गच्चीवर गेला होता अशा असंख्य तज्ज्ञांनी त्यांना ऑनलाइन मार्गदर्शन केले. आठवडाभरात त्यांनी वानखेडेवर रोहित शर्मा यांचा त्रिफळा उडवला, तेव्हा शर्मा यांना बाद करणे सोपे आहे अशा आशयाचे, त्यांनी कधीच न काढलेले उद्गार त्यांच्या छायाचित्रासह फिरू लागले आणि ते आपले नव्हेत असे त्यांना इन्स्टाग्रामवरच सांगावे लागले. त्या हंगामात त्यांनी २१ बळी घेतले आणि जुलै २०२४ मध्ये हरारे येथे ते भारताकडून खेळले. विपणनशास्त्रात ‘ऑर्गॅनिक रीच’ अशी एक संज्ञा आहे, पैसे न भरता आपसूक झालेला प्रसार असा तिचा अर्थ. खोटे उद्गार हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण होय, कारण खऱ्या २१ बळींना एवढी घोडदौड कधी जमली नाही.

या साऱ्या गदारोळात एक साधन असे निघाले की ज्याने खेळाची सेवा केली, आणि गंमत अशी की ते प्रसिद्धीचे साधन म्हणून जन्मालाच आले नव्हते. अहमदाबादच्या एका कंपनीने काढलेले क्रिकहिरोज हे अॅप मुळात धावांची वही आहे: कोणी एकाने सीमारेषेबाहेर बसून प्रत्येक चेंडू फोनवर नोंदवायचा, आणि त्यातून धावफलक, सरासरी, स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे धावांचा वेग, हे सर्व आपोआप तयार व्हायचे. त्याचा परिणाम मोठा झाला. आजवर सुभाष मैदानावर किंवा ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर रविवारी खेळणाऱ्या माणसाची कारकीर्द केवळ त्याच्या स्वतःच्या स्मरणात, म्हणजे अत्यंत अनुकूल ठिकाणी, जतन केलेली असे. आता ती सर्वांना खुली झाली. ‘कॉलेजात असताना ओपनिंगला जायचो’ या विधानाची छाननी शक्य झाली. महापालिकेत लिपिक असलेल्या माणसाला आपली सरासरी ११.४० असल्याचे कळले, त्याच्या साडूलाही कळले, आणि तेव्हापासून तो पाचव्या षटकानंतर धावबाद होण्याऐवजी नाबाद राहण्याची काळजी घेऊ लागला, कारण नाबाद डावाने सरासरी सुधारते. संघ हरला तरी चालेल पण सरासरी राहिली पाहिजे, हा व्यावसायिक खेळाडूचा दृष्टिकोन गल्लीपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय या अॅपला आहे. तरीसुद्धा एवढे खरे की ‘आजचा सामनावीर’ असे आकड्यांसह तयार होणारे त्यातील चौकोनी चित्र लोक जितक्या उत्साहाने एकमेकांना पाठवतात तितक्या उत्साहाने निमंत्रकांचे पूर्णाकृती चित्र कोणी पाठवत नाही. पाठवतात ते फक्त निमंत्रकच.

नोंद ठेवण्याचे हे महत्त्व ठाणेकरांना खरे तर दहीहंडीने आधीच शिकवायला हवे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने गोविंदा पथकांच्या कसरतीला साहसी खेळाचा दर्जा दिला, पण त्याच्या दहा वर्षे आधीच जय जवान पथकाने ठाण्यात ४३.७९ फुटांचा मनोरा रचून गिनीज बुकात नाव नोंदवले होते, आणि २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. त्या दिवशीच्या गाण्यांची, तारकांची आणि भाषणांची आठवण आज कोणाला सांगता येणार नाही; थर किती लागले हे रिक्षावालाही सांगतो, आणि मोजणीत एका थराचा वाद असेल तर तोही सांगतो.

परंतु या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा कल्याणच्या वायले नगरातला आहे. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी एच. टी. भंडारी चषक या आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी विद्यालयाच्या प्रणव धनावडे याने आर्य गुरुकुलविरुद्ध ३२७ चेंडूंत नाबाद १,००९ धावा केल्या. त्यांत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते, म्हणजे धावून काढलेल्या धावाच १३९ भरतात, आणि तेवढ्यांवर कित्येकांची कारकीर्द पार पडते. संघाने ३ बाद १,४६५ वर डाव सोडला, प्रतिपक्ष ३१ आणि ५२ धावांत आटोपला आणि सामना एक डाव व १,३८२ धावांनी जिंकला गेला. त्या सामन्याचे पोस्टर नव्हते, टीझर नव्हता, थेट प्रक्षेपण नव्हते, कार्यसम्राटांचे आगमनही झालेले नव्हते. पहिल्या दिवसअखेर तो ६५२ वर नाबाद होता, ही बातमी आकड्याच्या रूपाने बाहेर पडली, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाले कल्याणच्या रिक्षावाल्यांना वायले नगरचा पत्ता विचारू लागले. संध्याकाळपर्यंत ट्विटरवर सचिन तेंडुलकर यांच्यापासून परदेशी क्रिकेटपटूंपर्यंत अनेकांनी अभिनंदन केले होते, आणि रिक्षाचालकाचा तो मुलगा जगभरच्या वृत्तपत्रांत होता. कोणत्याही संस्थेने पैसे मोजून एवढी प्रसिद्धी विकत घेतलेली नाही, आणि घेता येईल असे दिसतही नाही. पुढे मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, आणि अपेक्षांचे ओझे पेलवेना तेव्हा ती बंद करावी असे कुटुंबाने स्वतःहून कळवले. पोस्टरवरच्या मंडळींपैकी कोणी असे काही परत केल्याचे ऐकिवात नाही.

प्रणवने मोडलेला विक्रम ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा होता, नाबाद ६२८, सन १८९९. त्या डावाच्या गुणलेखकाने, म्हणजे धावांची वही लिहिणाऱ्याने, आकडा वीस धावांनी इकडेतिकडे असू शकेल असे नंतर म्हटल्याची आख्यायिका आहे, आणि जगाने ते ६२८ एकशे सोळा वर्षे शिरसावंद्य मानले. कल्याणच्या वहीत मात्र हजाराच्या पुढच्या नऊ धावाही जागच्या जागी होत्या. दोन दिवस बसून हे आकडे लिहिणाऱ्यांना त्या डावाच्या बातमीत किती ठिकाणी जागा मिळाली, हे जुनी कात्रणे चाळून कोणी पाहावे. फार वेळ लागणार नाही.

आजही या पट्ट्यातील कोणत्याही स्पर्धेत गुणलेखक हा मंडपाच्या कडेला, ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतो. फोनची बॅटरी त्याची स्वतःची, चार्जर मागून आणलेला, मानधन एक वडापाव आणि सामने लांबले तर दुसरा. पाहुण्यांचा सत्कार चालू असताना ज्याला जागचे हलता येत नाही असा मैदानातील तो एकमेव माणूस, कारण त्याने एक चेंडू चुकवला की स्ट्रीमिंगच्या पट्टीवरचा धावफलक चुकतो, समालोचक चुकतो, लिपिकाची सरासरी चुकते आणि सामना संपल्यावर दोन्ही संघ त्याच्याच खुर्चीभोवती जमतात. तेव्हा ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील तमाम आयोजक, निमंत्रक व सौजन्यकर्त्यांना विनंती एवढीच की, पुढच्या चषकाच्या पोस्टरवर वरच्या ओळीतली एक गोल चौकट या मुलासाठी मोकळी ठेवावी, ती जमत नसेल तर त्या परदेशी डावखुऱ्याच्या जागी त्याचे नाव छापावे, आणि मैदानाचे नाव वाचता येईल एवढ्या आकारात घालावे.